नरकासुराच्या कानातलं कवंडळ

माझ्या मुलीचं खेळणं मी नरकासुराला दिलं. माझ्या हाताने दिलं, जाणूनबुजून दिलं, आणि नंतर दोन वर्षं ते तिच्या आईने दिलं असं तिला वाटू दिलं. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो. पुढे पावसाचं, पोह्यांचं, भाताच्या वासाचं बरंच काही येईल आणि त्या आडोशाला मी लपेन, एवढा मी मला ओळखतो.

आश्विन पुन्हा आला आहे. लोक ह्या दिवसांचं कौतुक करतात, आकाश धुतल्यासारखं दिसतं म्हणतात. आमच्या पेडण्यात मला मात्र ह्या दिवसांचा पहिला वास येतो तो बुरशीचा. कपाट उघडलं की चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट पांढरी लव उगवलेली असते. न्हाणीच्या भिंतीवर गोगलगायींनी चिकट, चकचकीत रेघा ओढून ठेवलेल्या असतात. चवथीला गणपतीच्या वर आम्ही माटोळी टांगतो, म्हणजे रानातल्या फळाफुलांनी भरलेली लाकडी चौकट. तिची फळं विसर्जनानंतर विहिरीच्या कठड्यामागे टाकलेली असतात, ती आता काळी पडून लिबलिबीत झालेली असतात आणि त्यांच्यावर चिलटं घोंघावतात. कापणी झालेल्या मळ्यातून उष्ण, कुजकट वाफ येते. धारगळच्या हमरस्त्यावरून स्कूटरने घरी येईपर्यंत घामावर तांबडी धूळ बसते. रुमालाने तोंड पुसलं की रुमालावर माझ्याच तोंडाचा डाग उमटतो, आणि मला त्या डागाची किळस येते. दोन वर्षांपूर्वीपासून तर जास्तच.

ह्या वर्षी हे सगळं वर आलं ते शामलच्या, माझ्या बायकोच्या, एका वाक्यामुळे. उल्हास जुने कपडे मागायला आला होता. उल्हास आमच्या वाड्यावरचा वायरमन, चाळिशीला आला तरी नरकासुर करायची त्याची हौस गेलेली नाही. दिवाळीच्या पहिल्या पहाटे जाळायचा हा राक्षसाचा पुतळा आमच्याकडे वाड्यावाड्यावर होतो. त्याच्या पोटात गवत, कागद आणि घराघरातले जुने कपडे कोंबतात. बालकांवावर, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यावर, उभा राहून उल्हासने हाक मारली.

“वैनी, कपडे काढून ठेवलात? औंदा आमचो नरकासुर पंधरा फुटांचो.”

शामलने गाठोडं आणून ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “ह्या खेपेक खिसे तुमीच बघा.”

“कित्याक?” उल्हास हसला. “भाऊंच्या खिशात कोणाची चिठ्ठी गावली की काय?”

शामल आत गेली. मी वाकून एकेक खिसा चाचपत राहिलो. सगळे रिकामे होते. ती कपडे धुताना आणि कोणाला देताना प्रत्येक खिसा उलटा करून बघते, लग्न झाल्यापासून बघते. दोन वर्षांपूर्वीही तिने बघितले असणार. म्हणजे त्या वर्षी माझ्या जुन्या पँटच्या खिशात जे गेलं ते तिने गाठ मारल्यानंतर गेलं, हे तिला तेव्हाच कळलं होतं. मुलीखेरीज घरात तेव्हा आणखी एकच माणूस होता.

इतके दिवस मला वाटत होतं की ही गोष्ट फक्त मला ठाऊक आहे.

*

मी औषधांच्या एका कारखान्यात काम करतो. पाळी सुरू होताना आतल्या दारात उभं राहून कामगारांचे हात तपासायचे, हा माझ्या कामाचा एक भाग. तळवे वर, मग उलटे. कापलेलं बोट, पिकलेली पुळी, नखाखाली काळं असं काही दिसलं की त्या माणसाला त्या दिवशी आत सोडायचं नाही, बाहेरचं काम द्यायचं. तेवीस वर्षं मी हात बघतो आहे. कोणी ओळखीचं रस्त्यात भेटलं तर माझी नजर आधी त्याच्या हातांवर जाते, मग तोंडावर.

अनघा तेव्हा दहावीत होती. घरी आम्ही तिला बाय म्हणतो. तिला नखांच्या बाजूची कातडी सोलायची सवय. वाचताना, टीव्ही बघताना, कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायच्या आधी तिची तर्जनी अंगठ्याच्या कडेला जायची आणि कातडीचा एखादा धागा शोधून काढायची. मग तो ओढायची. दोन्ही अंगठे कायम लाल, ओले. तिच्या मेजावर, वहीच्या घडीत सुकलेल्या कातडीचे पापुद्रे सापडायचे. मला ते बघवत नसे. “शी” हा शब्द त्या वर्षी मी माझ्या मुलीला जेवढ्या वेळा म्हटला तेवढ्या वेळा तिचं नाव घेतलं नसेल.

एकदा दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. तिने भातात हात घातला आणि आमटीच्या कडेला रक्ताची बारीक रेघ लागली. मी उठलो, बॅगेतून कारखान्यातले निळे हातमोजे काढले आणि तिच्या ताटाशेजारी ठेवले.

“ह्या हातांनी जेवायचं नाही माझ्यासमोर.”

मला वाटलं ती रडेल, नाहीतर उठून जाईल. तिने हातमोजे घातले. बोटं नीट बसेपर्यंत ओढून घेतले आणि जेवली. भाताची शितं निळ्या रबराला चिकटत होती, ती बाय एकेक काढून खात होती. शामल ताट तसंच टाकून मागीलदारी गेली. मी माझं पान संपवलं. त्या जेवणाची मासळी कोणती होती हेही मला आठवतं. बांगडा होता. मी दोन तुकडे खाल्ले.

*

त्याच वर्षी चवथीला माझी मोठी बहीण माहेरच्या गणपतीला आली. ताईला साखळी गावी दिली आहे. तिच्या पिशवीत क्रोशाची सुई आणि लोकरीचा गुंडा नेहमी असतो. आमच्या लहानपणी घरातल्या जनेलांचे पडदे तिच्याच हातचे. तिने बायचे हात बघितले, माझं “शी” ऐकलं, आणि माटोळीखाली चटईवर तिला शेजारी बसवून घेतलं.

“बोटांक काम दी गो,” ताई म्हणाली. “रिकामी रवली की ती तुकाच खातत.”

तिथेच ती शिकली. आधी लोकरीचा फास, त्यातून सुई, सुईवर दोरा, मग मुका खांब. क्रोशातल्या एका आखूड, घट्ट टाक्याला हे नाव आहे. अकरा दिवसांचा गणपती जायच्या आत तिने काय करायचं ते ठरवलं होतं. माटोळीला कवंडळं टांगलेली होती. कवंडळ म्हणजे लिंबाहून थोडं मोठं, केशरी लाल, गुळगुळीत फळ. दिसायला सगळ्यात देखणं आणि चवीला इतकं कडू की त्याला कोणी तोंड लावत नाही. बायने वर बघत बघत लोकरीचं कवंडळ विणलं. आत सावरीचा कापूस भरला. वरून खालपर्यंत एक गोफ आरपार ओवला, वरच्या टोकाला हिरवं पान, खालच्या टोकाला लाकडी मणी. पान ओढलं की मणी वर येऊन कवंडळाच्या बुडाला टेकायचा, मणी ओढला की पान खाली. मुठीत मावायचं ते. अभ्यास करताना डाव्या हातात कवंडळ, उजव्या हातात पेन. पान, मणी, पान, मणी.

“परीक्षेला नेता येईल काय गो आते?” तिने विचारलं.

“बाईंक विचार. नाय म्हणाले तर भायर पिशवेत ठेव. आत आसा म्हणून बोटांक धीर येता.”

पंधरा दिवसांत तिच्या अंगठ्यांना नवी कातडी आली. फिकट गुलाबी, तुकतुकीत. मी ती बघितली होती. हे मुद्दाम लिहितो, कारण खेळण्याचा उपयोग होत होता हे मला माहीत नव्हतं असं कोणी समजेल. मला माहीत होतं.

पण ते मळत गेलं. आधीच्या जखमांचे तपकिरी ठिपके केशरी लोकरीत बसले. मण्यावर घामाचं पुट चढलं. पानाची कड कडक झाली. ती ते सगळीकडे न्यायची. दसऱ्याच्या दिवशी जेवताना ते ताटाला टेकून पडलं होतं आणि पान खिरीत बुडलं होतं. तिचं लक्ष नव्हतं. मी ते दोन बोटांत उचललं आणि काय वाटलं कोण जाणे, नाकाशी नेलं. घाम, खोबरेल, दूध, आणि खाली कसलातरी जुना, गोडसर वास. मी ते ताटापासून लांब टाकलं आणि हात धुवायला उठलो.

मळलेली वस्तू धुता येते. दिवसातून वीस वेळा हात धुणाऱ्या माणसाला हे सुचलं नाही.

चार दिवसांनी उल्हास यायचा होता म्हणून शामलने गाठोडं बांधून बालकांवावर ठेवलं होतं. ती मागे मिरच्या वाळत घालत होती. बाय न्हाणीत होती, कवंडळ तिच्या वहीवर होतं. मी ते कागदात धरलं, गाठोड्यातून बाहेर आलेल्या माझ्या पँटच्या खिशात घातलं, हात साबणाने धुतले आणि पेपर घेऊन बसलो. माझा हिशेब सरळ होता. पँट नरकासुराच्या पोटात जाणार, पोटात काय आहे ते कोण बघतो, आणि पहाटे सगळं जळून जाणार.

उल्हासच्या बहिणीने खिसा तपासला. तिला ते फार आवडलं. नरकासुराच्या डाव्या कानात तिने ते कुंडल म्हणून टांगलं. जोडीला तसं दुसरं नव्हतं, म्हणून उजव्या कानात प्लास्टिकचा चेंडू.

बाय घरभर ते शोधत होती; नरकासुर उभा राहिल्यावर शिकवणीहून येताना तिने ते त्याच्या कानात बघितलं. घरात आली तेव्हा तिच्या खांद्यावर बॅग तशीच होती.

“आई, तू कपडे दिलेस?”

“दिले.”

“खिसे बघितले नाहीस?”

शामलने माझ्याकडे बघितलं. मी पेपर वाचत होतो. दोन वर्षं मी तो क्षण असा आठवत आलो होतो की ती बावरली, तिला आठवेना. आता कळतं, ती मला जागा करून देत होती. तिने बराच वेळ थांबून बघितलं. मी पान उलटलं.

“नसतील बघितले गो,” ती म्हणाली.

“मी जाऊन मागून आणते.”

तेव्हा मी तोंड उघडलं. “नरकासुराच्या कानातलं मागायला जाणार? सगळा वाडा हसेल.”

ती गेली नाही. सोळा वर्षांच्या मुलीला कोणतं वाक्य घरात बसवतं ते बापाला चांगलं माहीत असतं.

नरकासुर पहाटे जळला. आधी पोट पेटलं, मग डोकं. बाय तुळशीपाशी उभी राहून तो उजेड बघत होती. त्यानंतर आमच्याकडे अंघोळ करून तुळशीपुढे कारीट फोडतात. कारीट हे छोटंसं रानटी काकडीसारखं कडू फळ, ते डाव्या पायाच्या अंगठ्याने चिरडायचं आणि त्याचा रस जिभेला लावायचा. नरकासुर मेला, असं समजायचं. मी फोडलं, शामलने फोडलं. बायसमोर तिचं कारीट होतं, गोल, हिरवं. तिने पाय उचलला आणि परत ठेवला.

“माका नाय जमणा,” म्हणाली आणि आत गेली.

मी ते तिच्या वाटचं कारीट उचलून कुंपणापलीकडे टाकलं. जिभेवरचा कडूपणा थुंकला. दुपारपर्यंत थुंकत होतो.

*

भाऊबीजेला ताई आली तेव्हा बायने तिची सुई तिला परत दिली. तुळशीच्या लग्नापर्यंत अंगठे पुन्हा लाल झाले. ते मी अपेक्षिलं होतं. घरात त्यानंतर जे झालं ते मात्र नाही. ती आईशी तुटक झाली. पेन सापडलं नाही, पुस्तक सापडलं नाही, की ती म्हणायची, “नरकासुराक दिलंस काय?” आधी रागाने, मग सवयीने, मग थट्टेसारखं, आणि त्या थट्टेत कोणी हसायचं नाही. शामल म्हणायची, “शोध गो, गावतला.” मी तिथेच असायचो. कधी पेपर असायचा, कधी ताट. दोन वर्षांत ते वाक्य किती वेळा ऐकलं असेल. प्रत्येक वेळी तोंडात कारीट फुटायचं आणि प्रत्येक वेळी मी गिळायचो.

एक गोष्ट अजून राहिली. लहानपणी मीही असाच होतो. मी नखांजवळची कातडी दातांनी काढायचो. आई माझ्या बोटांना हिरवी मिरची चोळायची. मग मी शाळेत मिरचीसकट बोटं चघळायचो आणि माझ्या ओठांना फोड यायचे. मुलं मला बाकावर शेजारी बसवून घेत नसत. हे मी विसरून गेलो होतो असं लिहिलं असतं तर जरा बरं दिसलं असतं. विसरलो नव्हतो. बायच्या वहीतले पापुद्रे झटकताना दर वेळी मला मिरचीची चव आठवायची. घरात हे कोणाला ठाऊक नव्हतं. फक्त ताईला होतं, आणि ती कधी बोलली नाही.

*

उल्हास गाठोडं घेऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी म्हापशाला बस बदलून साखळीला गेलो. ताईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, तिने हात थांबवला नाही.

“तू एक करून दे,” मी म्हटलं. “तसंच. मी तिला नेऊन देतो.”

“माफी काय माझ्या हातान मागतलंस?”

मग आत जाऊन तिने ती परत आलेली सुई आणून माझ्यापुढे ठेवली.

मी चार दिवस रजा टाकून तिच्याकडे राहिलो. पन्नाशीला टेकलेला माणूस बालकांवावर बसून क्रोशे करतो आहे हे बघायला शेजारच्या बायका काही ना काही निमित्ताने येऊन गेल्या. माझी बोटं जाड, घामट. लोकर त्यांना चिकटायची. फास घट्ट बसला तर सुई जात नसे, सैल बसला तर सगळं सुटून यायचं. एका ओळीत सहा मुके खांब, पुढच्या ओळीत बारा, त्याच्यापुढे अठरा, आणि मी दर वेळी सतरावर घसरायचो. पहिलं कवंडळ रस्त्यावर गाडीखाली आलेल्या बेडकासारखं झालं. मला ते हातात धरवेना. दुसऱ्याकडे ताईने चष्मा लावून बघितलं.

“ह्यां कवंडळ नाय रे. गावठी बटाटो.”

“उसवू?”

“उसव. आणि बोट तोंडातसून काढ.”

मी बोट चावत होतो. मला कळलंही नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे, आणि ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

तिसऱ्याचं तोंड शिवताना सुई बोटात शिरली. परत कामावर गेलो त्या सकाळी दारात उभा राहिलो तर बोटाच्या टोकाला लाल, फुगीर ठिपका. रांगेत पुढे बेळगावकडची सावित्री होती. दोनच महिन्यांपूर्वी विळीने कापलेल्या बोटासाठी मी तिला आत सोडलं नव्हतं. तिने माझ्या हातातली यादी बघितली, मग बोट.

“सर, आज तुमचा नंबर,” ती म्हणाली. “काय लागलं?”

“क्रोशे करत होतो.”

“खरं सांगा.”

“खरंच.”

रांग हसली. मी साहेबांना कळवलं आणि दिवसभर बाहेर खोकी मोजली. त्या दिवशी कोणी माझ्या हातांना शी म्हटलं नाही.

*

दिवाळीच्या आदल्या दुपारी शामल बालकांवावर बसून नव्या भाताचे पोहे पाखडत होती. कोंडा उडत होता. बाय पायरीवर मोबाईल घेऊन बसली होती, मोकळ्या हाताची तर्जनी अंगठ्यावर. मी तिसरं कवंडळ तिच्या शेजारी ठेवलं. पान वाकडं झालं होतं आणि गोफ मधेच अडकायचा.

तिने कानातला इयरफोन काढला. “हें काय?”

“कवंडळ.”

“टोमॅटो वाटतो. कोणी केला?”

“मी.”

तिने ते उचललं, पान ओढलं. मणी अर्ध्यावर अडकला. शामलचं सूप थांबलं होतं.

मी साखळीहून येताना बसमध्ये वाक्यं जुळवली होती. त्यांच्यात कारखाना होता, मिरची होती, माझी आई होती. प्रत्येक वाक्यात कुठेतरी ‘कारण’ होतं. पायरीसमोर उभा राहिल्यावर ती सगळी मला घाण वाटली.

“बाय, तुझं ते पहिलं कवंडळ नरकासुराला आईने दिलं नव्हतं. मी घातलं खिशात. माहीत असताना.”

तिने माझ्याकडे बघितलंच नाही. ती आईकडे वळली.

“तुला माहीत होतं?”

“होतं,” शामल म्हणाली.

“मग सांगितलं नाहीस? मी एवढं बोलायचे तुला.”

“ते सांगतील म्हणून वाट बघीत रावलंय.”

बायच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ते पुसलं नाही, कारण दोन्ही हातांत ते वेडंवाकडं कवंडळ घट्ट धरलेलं होतं. मग तिने मान वर केली.

“आणि?” ती म्हणाली.

मी पायरीवर तिच्या खालच्या बाजूला बसलो. कोंडा माझ्या डोक्यावर पडत होता.

“आणि चुकलं माझं, बाय. वस्तू तुझी होती, तिने तुझे हात बरे होत होते, आणि ते बघून मी ती जाळायला दिली. ते हातमोजे ठेवले तेही चुकलं. तुझ्या हातांना मी जे जे म्हटलं ते चुकलं. शामल, तुला दोन वर्षं बोलणी खाऊ दिली आणि शेजारी बसून जेवलो. तुझाही मी गुन्हेगार आहे. मला दोघींनी माफ करा.”